दुसरं क्षौर

नागोजी गेल्याच्या नवव्या दिवशी दुपारी निपाणीच्या वाटेनं एक टांगा आला आणि त्याच्या दारात थांबला. अक्काताई सोप्यात बसून उद्या घाटावर न्यायचे तांदूळ निवडत होती. टांग्यातून कोट-टोपीतला एक तरुण उतरला. त्यानं वहाणा बाहेर काढल्या, दुखवट्याचे दोन शब्द पाठ केल्यासारखे म्हटले आणि मग विचारलं, "मार्तंडराव आहेत ना?"

"हितं कोण मार्तंडराव न्हाईत," अक्काताई म्हणाली.

तरुण गोंधळला. त्यानं बोटानं स्वतःच्या नाकाखाली मिशीची रेघ ओढून दाखवली. "कोल्हापूरच्या कंपनीतले. सिनेमातले."

"भरमू म्हणा की मग. बसा. गोठ्यात हाय त्यो."

तरुणाचं नाव श्रीपाद. बेळगावच्या एका वकिलाचा मुलगा, कंपनीत दिग्दर्शकाच्या हाताखाली होता. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार निपाणीपर्यंत येता येता वाटेत बंद पडली होती आणि त्याच्या टोपीवर काजळी बसली होती. घरच्या बाईमाणसाला सांगितलं तर काम सोपं होईल असं वाटून त्यानं निरोप अक्काताईलाच सांगून टाकला. मार्तंडरावांनी उद्या डोकं भादरायला हरकत नाही, कारण पडद्यावर त्यांच्या डोक्याला फेटाच असतो. मिशी तेवढी ठेवावी. चित्र अर्धं झालं आहे, आणि लढाईमुळं कच्ची फिल्म परवान्यावर मिळते, तेव्हा झालेलं काम पुन्हा करता येणार नाही. डिंकानं चिकटवलेली मिशी चालत नाही, कॅमेरा जवळ आला की वरचा ओठ हलत नाही हे दिसून येतं.

अक्काताईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं एवढंच विचारलं, "तुमच्यात बाप गेल्यावर मिशी ठेवत्यात?"

"नाही," श्रीपाद म्हणाला.

"मग?"

श्रीपादनं समोरचा तांब्या उचलला आणि पाणी प्यायला.

अक्काताईला राग आला तो ह्या पोराचा नव्हे. गेले सहा दिवस भरमूची बाजू घेऊन भांडली होती ती तीच. तो आला तिसऱ्या दिवशी. तार कोल्हापुरात पोचली तेव्हा कंपनी कणकुंबीच्या रानात चित्रण करत होती, आणि निरोप तिथवर जाईपर्यंत धाकट्या यल्लाप्पानं अग्नी देऊन टाकला होता. ज्यानं अग्नी दिला त्यानं पुढचं सगळं करायचं, थोरल्यानं बाजूला बसावं, असं यल्लाप्पाचं म्हणणं. बाजूला कशाला, दोघंबी लेक हाईत, दोघंबी शेजारी बसून केस-मिशी उतरवतील, असं अक्काताईचं. सदलग्याला दिलेली लेक माहेरात येऊन एवढं बोलते हे यल्लाप्पाच्या बायकोला, मालुबाईला, आवडलं नव्हतं. तरी अक्काताईनं रेटून भावासाठी जागा करून घेतली होती. आणि आता हा निरोप.

जुनी गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती, पण घरात ती कुणी काढत नसे. वीसेक वर्षांपूर्वी मानमोडीची साथ सरली त्या साली भरमू बेळगावच्या एका नाटक कंपनीत होता. चेहरा कोवळा म्हणून त्याला बायकी पार्ट देत, आणि त्यासाठी त्यानं मिशी काढली होती. मुक्काम हलायच्या आधी आईला भेटावं म्हणून तो निपाणीहून उन्हात चालत निघाला, डोक्यावरून पंचा घेऊन. साथीच्या त्या दिवसांत भादरलेली माणसं घराघरांत दिसत. पंच्याखाली केस आहेत की नाहीत हे कुणी पाहिलं नाही, ओठ तेवढा पाहिला. नागोजी गेला ही बातमी भरमूच्या आधी गावात पोचली. शेजारच्या बायका गळा काढत दारात आल्या. भरमूची आई गुणाबाई गोठ्यात शेण भरत होती. एकीनं तिचा हात धरला आणि ती काही विचारायच्या आत दगडावर तिची बांगडी फोडली. कुणीतरी सदलग्याला बैलगाडी पिटाळली. अक्काताई सबंध वाट ऊर बडवत आली आणि दारात उतरली, तर बाप, तिचे आप्पा, कट्ट्यावर उभे.

ती पोचायच्या आधीच नागोजी मळ्यातून आला होता. त्यानं रडणाऱ्या बायकांकडं पाहिलं, मग त्यांच्यामागं येऊन उभ्या राहिलेल्या मुलाकडं पाहिलं आणि विचारलं, "कोण गेलं रं?"

कोण गेलं हे भरमूलाही ठाऊक नव्हतं.

मग नागोजीला बायकोचं मनगट दिसलं. तो ओरडला नाही. म्हणाला, "माझं करून बसलास न्हवं तू? झालं मग. आता पुन्यांदा ह्या दारात यायचं कारण न्हाय."

त्यानंतर नागोजी हयात असेतो भरमू ह्या दारात आला नाही. आईला भेटायचं झालं तर सदलग्याला अक्काताईकडं बोलावून घेई. अक्काताईच्या मनाला मात्र एक गोष्ट खात होती. बापासाठी रडायचं ते तिनं त्या दिवशी गाडीतच रडून घेतलं होतं. ह्या खेपेला त्याच वाटेनं येताना ती नुसती बैलांच्या पाठीकडं बघत बसली होती.

यल्लाप्पा मळ्यातून आला तोवर निरोप घरभर झाला होता. मालुबाईनं त्याला परड्यातच गाठून सांगितलं. तो पाय धुऊन सोप्यात आला आणि भिंतीला टेकून बसला. भरमू समोर बसला होता, खाली मान घालून, अंगावर नुसती बंडी. आणि ती मिशी. आला त्या दिवसापासून यल्लाप्पानं तिच्याकडं सरळ पाहायचं टाळलं होतं.

थोरल्या भावाचा त्याला ताप झाला होता तो निपाणीच्या बाजारात. तंबाखू घेऊन गेलं की ओळखीचा कुणीतरी हमखास अडवायचा. तुझ्या भावाला काल फाशी दिली की रं, म्हणायचा. सिनेमाच्या तंबूत नवीन खेळ आला की, ह्या खेपेला सावकार झालाय, आता दरीत पडून मेलाय. भरमूनं किती चित्रांत काम केलं हे भरमूलाही नीट सांगता आलं नसतं. चित्रपट मुके होते तेव्हापासून तो होता. बोलपट आले, आणि इकडचा असल्यानं कानडीही येत होतं, म्हणून चित्र दोन्ही भाषांत निघालं की दोन्हींत तो. जेलर, सासरा, कोतवाल, कारकून, तपाला बसलेला ऋषी. मोटारीत लोक त्याच्याकडं टक लावून बघत, कुठंतरी पाहिलंय म्हणत आणि आपल्याच पाहुण्यांची नावं घेत. दाढी असो वा मिशी, सगळी डिंकाची. डिंक नीट बसावा म्हणून ओठ रोज साफ ठेवावा लागे. ह्या चित्रात पहिल्यांदाच त्याचं नाव पाटीवर सगळ्यांत वर येणार होतं, आणि पहिल्यांदाच त्यानं स्वतःची मिशी वाढवली होती.

"पंधरा दिवसांनी उतरवली तर नाही का चालणार?" श्रीपादनं विचारून पाहिलं. "तोवर त्यांचं काम संपेल."

"दहावा काय परवान्यावर असतोय?" यल्लाप्पा म्हणाला. "अण्णा, तुजं तू बघ. मला गावात ऱ्हायचं हाय. जिता हुता तवा काढली, मेल्यावर ठेवली, असं म्हणतील. तुला कुटं ऐकायला यायचंय? तू जाशील कोल्हापूरला."

एवढ्या चित्रांत एवढी बोलणी पाठ केलेला भरमू ह्या घरात आल्यापासून असाच खाली मान घालून बसे.

"अहो, पण भूमिका फार मोठी आहे," श्रीपाद म्हणाला. त्याला वाटलं, कळकळीनं सांगितलं तर पटेल. "हट्टी पाटील आहे. मुलाशी बोलणं टाकलेला. मार्तंडरावांनी तो असा उभा केलाय की काय सांगू. बोलायच्या आधी डाव्या बाजूची मिशी अशी अंगठ्यानं वर सारतात. एवढंच. मग बोलतात. सेटवर सगळे गप्प होतात."

अक्काताईचे हात तांदळात थांबले. यल्लाप्पानं आता भावाकडं पाहिलं. मिशी काळीपांढरी होती, टोकं पिळलेली नव्हती, डावी बाजू उजवीपेक्षा जरा वर.

"चालतोस बी तसंच?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"उजवा पाय वढून?"

"जरासा. लई न्हाय. वळताना तेवढा."

यल्लाप्पा भिंतीचा टेका सोडून पुढं सरकला. "बैलानं आप्पाच्या गुडघ्यावर मारलंतं ते तू गेल्यावर. तुला कसं ठावं?"

"सदलग्याच्या बाजारात बघत हुतो की," भरमू म्हणाला. "आप्पा बैलं बघायला यायचे. मी लांब हुबा ऱ्हायचो."

ज्या माणसाबरोबर यल्लाप्पा रोज मळ्यात राबला, त्याचा पाय चालताना ओढतो की वळताना, हे आता कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. तो उठला, बाहेर जाऊन पान थुंकून आला आणि म्हणाला, "मग ठेव."

"काय ठेव?" अक्काताई म्हणाली. "खुळ्यागत बोलू नगंस. तू एकटा भादरून बसणार आनि ह्यो मिशीवर हात फिरवत शेजारी?"

"मी म्हटलं ठेव म्हणून. गावाला मी सांगतो काय सांगायचं ते."

"तू सांगशील, पण मी न्हाय यायची मग उद्या."

सकाळी एकमेकांच्या विरुद्ध असलेली भावंडं अशी बाजू बदलून बसली. मालुबाई चुलीपाशी होती. नवरा थोरल्याच्या बाजूनं बोलतो हे तिला नवीन होतं. ती भांडं खाली ठेवून ऐकत राहिली.

मधल्या खोलीत घोंगड्यावर गुणाबाई बसली होती. ह्या वेळी तिच्या सगळ्याच बांगड्या गेल्या होत्या. भरमू आल्यापासून तिनं त्याला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. तिसऱ्या दिवशी तो वाकून दारातून आत आला तेव्हा तिचा हात आपोआप डोक्याकडं गेला होता आणि तिनं पदर पुढं ओढला होता, नवरा आल्यावर ओढावा तसा. मग तिच्या लक्षात आलं. पण नंतरही तो आत आला की हात जाई. हे अक्काताईनं पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

"बापाचं एकदाच करत्यात," गुणाबाई आतून म्हणाली.

यल्लाप्पानं आतल्या दाराकडं मान वळवली.

"तेंनीच सांगितलंतं, तू केलंस म्हणून. मी तितंच हुते. माझी बांगडी फुटलीती. झालंय त्याचं. दोनदा कशाला? ऱ्हाऊ दे मिशी."

ज्या शब्दांनी नागोजीनं मुलाला दाराबाहेर काढलं, तेच शब्द ती आता मुलाच्या सोयीसाठी वापरत होती. ते मुलाच्या सोयीसाठी होतं की तिच्या स्वतःच्या, हे अक्काताईला विचारावंसं वाटलं, पण आईच्या मनगटाकडं पाहून तिनं विचारलं नाही. ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. श्रीपादला सगळं कळलं नाही, पण काम झालं एवढं कळलं, आणि त्यानं टांगेवाल्याला उद्या दुपारी यायला सांगितलं.

दहाव्याला दूधगंगेच्या घाटावर भावकीची माणसं जमली. अक्काताई येणार नाही म्हणाली होती, पण तांदळाची पाटी घेऊन तीच सगळ्यांच्या पुढं चालत आली. शामू न्हाव्यानं दगडावर वस्तरा लावला आणि आधी यल्लाप्पाला बसवलं. त्याची मिशी गेली, डोकं झालं. मग शामूनं वर पाहिलं.

"थोरलं?"

"त्याचं झालंय," यल्लाप्पा म्हणाला. "आई म्हणाली."

शामूला समजलं नाही. भावकीतले मारुतीराव वयानं मोठे. मानमोडीच्या साली त्या दिवशी ते नागोजीच्या दारात होते. त्यांनी समजावून सांगितलं. नागोजी स्वतःच बोलला होता, माझं करून बसलास म्हणून. बापाच्या तोंडचा शब्द आहे. पुन्हा करायची गरज नाही. लोकांना ते पटलं. एकानं मान हलवली, दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगितलं. कुजबुज पुढं सरकत पायऱ्यांवरच्या बायकांपर्यंत गेली, आणि जाता जाता लहान होत गेली.

"तवाच केलंतं त्येनं बापाचं," कुणीतरी म्हणालं.

"जित्तेपणीच."

"व्हय. तवाच."

कुणाच्या बोलण्यात टोमणा नव्हता. लोक त्याला सांभाळूनच घेत होते. भरमू पाण्याच्या कडेला उभा होता. काठावर, वहाणा हातात घेऊन, श्रीपाद उभा होता. भरमूनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. मग त्यानं अंगावरचा पंचा काढला, घडी करून पायरीवर ठेवला आणि शामूच्या समोर जाऊन बसला.

यल्लाप्पानं जवळ येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अण्णा, अरं आईनं सांगितलंय न्हवं? समद्यांनी मानलंय."

"तवा मी नुसती मिशी काढलीती, यल्लाप्पा," भरमू म्हणाला. "कुणाचं केलं न्हवतं."

यल्लाप्पानं हात मागं घेतला. अक्काताई पाटी खाली ठेवून तिथंच बसली आणि तिनं तोंडावर पदर घेतला. तिचे खांदे हलत होते.

"दोन्ही?" शामूनं विचारलं.

"दोन्ही. आधी मिशी घे."

शामूनं ओठावर पाणी लावलं आणि डावीकडून सुरुवात केली. पुढचं सगळं रीतीप्रमाणं झालं. दोघा भावांचे केस शामूनं एकाच मुठीत गोळा केले आणि पाण्यात सोडले.

श्रीपाद काठावर एका दगडावर बसून राहिला होता. भरमू ओला वर आला तेव्हा तो उठला.

"दिग्दर्शकसाहेब दुसऱ्या कुणालातरी घेतील, मार्तंडराव."

"घेतील."

"सगळं पहिल्यापासून करावं लागेल. फिल्म कुठून आणायची कोण जाणे."

"माझ्यामुळं झालं ते," भरमू म्हणाला. "जो येईल त्याला चालून दाखवीन मी. वळतानाचं तेवढं शिकवायला लागतं."

घरी आल्यावर तो मधल्या खोलीच्या दारात वाकला. गुणाबाईनं वर पाहिलं. ती बराच वेळ त्या उघड्या ओठाकडं पाहत राहिली. तिचा हात मांडीवर होता तो तसाच राहिला, पदराकडं गेला नाही.

"भरमू," ती म्हणाली, "जेवून घे. पोटात काय न्हाय सकाळपासनं."

तेरावा झाल्यावर तो कोल्हापूरला गेला. कंपनीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्याला पाहून हसत विचारलं, नवा पार्ट वाटतं, साधू का? सेटवर सुतारकाम करणाऱ्यांनी कैदी असणार असा अंदाज केला. कचेरीतल्या कारकुनानं पुढच्या चित्राचं नाव विचारलं. भरमू प्रत्येकाला, बघू, म्हणाला. ह्या जागेत भादरलेल्या माणसाकडं पाहून दुसरं काही कुणाच्या मनात येण्यासारखं नव्हतं, आणि तारेतली बातमी श्रीपाद आणि साहेबांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

पाटलाची भूमिका पुढं पुण्याच्या एका नटानं केली आणि चांगली केली. त्याच्या वळण्याचं लोकांनी कौतुक केलं. भरमूला त्याच चित्रात पाटलाच्या दिवाणजीचं काम मिळालं, दाढीसकट. पण परतला त्या दिवशी साहेबांनी त्याला काही न बोलता रंगाच्या खोलीत पाठवलं, डिंकाची मिशी एकदा लावून बघा म्हणून. काही उपयोग होणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

रंग लावणारा रवळू खानापूरकडचा, वयानं भरमूएवढाच. आजवर त्यानं भरमूच्या तोंडावर किती दाढ्या चिकटवल्या त्याला गणती नव्हती. त्यानं भरमूला आरशासमोर बसवलं, ब्रश डिंकात बुडवला आणि ओठ साफ आहे का हे पाहायला नेहमीसारखा अंगठा फिरवला. मग तोच अंगठा त्यानं डोक्यावरून फिरवला. दोन्हीकडचे खुंट सारखेच होते, एकाच दिवसाचे.

रवळूनं ब्रश बाटलीत परत ठेवला.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"आप्पा," भरमू म्हणाला.